मदत हवी आहे: नववीचा वर्ग, चार-पाच बोली आणि रोबोटिक्स

नमस्कार मंडळी,

मी नाशकातल्या सातपूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. शिक्षक देवाणघेवाणीतून स्पेनच्या एक बाई यंदा आमच्याकडे आल्या आहेत. सोबत अर्दुइनो उनोचे बोर्ड (प्रोग्रॅम टाकून मोटारी-सेन्सर चालवता येतात ते छोटे सर्किट बोर्ड), छोट्या मोटारी आणि ध्वनी सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारे एचसी-एसआर०४ सेन्सर आणलेत. शाळा सुटली तरी नववीची मुलं प्रयोगशाळेतून हलत नाहीत. हे काम टिकावं असं मनापासून वाटतं, म्हणून विचारतेय.

एमआयडीसीत कामाला आलेल्या कुटुंबांतली मुलं घरी हिंदी-भोजपुरी बोलतात, सटाण्याकडची अहिराणी, पेठ-सुरगाण्याच्या मुली कोकणा, बाकीची मराठी. बाईंचं इंग्रजीही शाळेतच शिकलेलं, त्यामुळे त्या सावकाश, सोपं बोलतात. तरी गट पाडले की ज्याला इंग्रजी येतं तो लॅपटॉप धरतो आणि बाकीचे वायरी जोडून देतात.

अडथळा दिसला की थांबणारी गाडी करत होतो. पेठच्या एका मुलीच्या लक्षात आलं, की पुठ्ठा समोर सरळ धरला तर गाडी थांबते, तिरका धरला तर जाऊन धडकते. दप्तरावर ओढणी टाकली तरी चुकते. तिरक्या पुठ्ठ्यावरून ध्वनी भलतीकडे जातो, कापडात बराचसा शोषला जातो. नववीच्या ध्वनीच्या धड्यातला प्रतिध्वनी तिनं हाताने पडताळला! हे ती मैत्रिणीला कोकणा बोलीत सांगत होती. गटाच्या इंग्रजी अहवालात यातलं एक अक्षर नाही. मला याचं फार वाईट वाटलं.

तर, अशा वर्गात प्रोग्रॅमिंग सगळ्यांच्या हाती कसं द्यायचं? आधी स्क्रीनवर सूचनांचे ठोकळे जोडून शिकवावं की थेट कोड लिहायला? अहवाल तोंडी घेतले तर चालतील का? आणि एक तांत्रिक अडचण: मोटारी सुरू झाल्या की बोर्ड मध्येच रीसेट होतो. सगळं एकाच सेलच्या पॅकवर आहे.

प्रतिसाद

मॅडम, मी नाशकातच अंबडला कंट्रोल पॅनलचं काम करतो. मोटार सुरू होताना एकदम जास्त करंट ओढते, व्होल्टेज पडतं आणि बोर्ड रीसेट होतो. मोटारींना वेगळा पॅक द्या, पण दोन्हीकडचे ग्राउंड (ऋण टोकं) एकत्र जोडा, नाहीतर मोटारी चालवणाऱ्या ड्रायव्हर सर्किटला बोर्डाचा सिग्नल नीट पोचणार नाही.

दुसरं, पहिल्या तासाला लॅपटॉप उघडूच नका. गाडीनं काय करायचं ते प्रत्येकानं आपल्या बोलीत कागदावर पायऱ्यांनी मांडावं. ज्याचा कागद, तो कीबोर्डवर. इंग्रजी येणाऱ्यानं फक्त एरर वाचून सांगायची. कोडमधल्या टिपा देवनागरीत लिहिल्या तरी चालतात, त्यात त्या मुलीचं निरीक्षण तिच्याच शब्दांत राहू द्या. आमच्याकडे नवी पोरं अशीच तयार होतात, आधी कागदावर आकृती, मग वायर.

धागाकर्ती

दादा, खूप आभार. या आठवड्यात वेगळा पॅक लावून आणि कागदाचा तास घेऊन बघते. बाई परत जाताना बोर्ड सोबत नेणार आहेत आणि आमच्याकडे अटल टिंकरिंग लॅब (सरकारी योजनेतून शाळांना मिळणारी रोबोटिक्ससारख्या प्रयोगांची लॅब) नाही. नाशकात लॅब असलेल्या शाळेतलं कुणी इथे असेल, तर शनिवारी आमच्या मुलांना तिथे बसू देता येईल का? मुलांना घेऊन यायची जबाबदारी माझी.