'स्टिग्मा'ला काय म्हणायचं? कलंक, डाग, लांछन की आणखी काही?

रानजाई
एका शब्दावर अडले आहे, मदत हवी.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका छोट्या संस्थेसाठी मी अधूनमधून मराठी मजकूर लिहून देते. १० ऑक्टोबरच्या जागतिक मानसिक आरोग्य दिनासाठी काही गावांत भिंती रंगवायच्या आहेत, सोबत एक पत्रक आणि पथनाट्य. मसुदा इंग्रजीतून आला होता आणि त्यात दर दोन ओळींनी 'स्टिग्मा', म्हणजे आजारामुळे लोकांनी माणसाला कमी लेखणं. मी फार विचार न करता 'कलंक' लिहीत गेले. 'मानसिक आजाराचा कलंक पुसूया' ही घोषणाही मीच केली आणि मला ती चांगली वाटली होती.

आशाताईंनी कच्ची प्रत एका घरी वाचून दाखवली. त्या घरातल्या सुनेला बाळंतपणानंतर झोप नाही, जेवण नाही, बाळाकडे लक्ष नाही. ऐकता ऐकता सासू उठून उभी राहिली. "माह्या सुनेले कलंक लागला म्हनता काय? तिले त झोपच लागत नाही बाप्पा!" पुढच्या खेपेला आशाताई गेल्या तर त्या घराने दार उघडलं नाही.

ज्या घरात तो शब्द नव्हता तिथे मी तो नेऊन ठेवला. तेव्हापासून चैन नाही. 'कलंक' नको हे कळलं, पण मग काय? रविवारपर्यंत पेंटरला मजकूर द्यायचा आहे.

दौतटाक
'कलंक' बाईमाणसाच्या चारित्र्याशी इतका जखडला आहे की सासूबाईंना दुसरं काही सुचणंच शक्य नव्हतं. 'कुळाला कलंक' हेच आपण ऐकत आलो. 'लांछन' घ्या. थोडा सौम्य आहे आणि शुद्ध आहे.

कृष्णाकाठ
दौतटाक, मी सांगलीकडच्या जैन घरातला. आमच्याकडे लांछन म्हणजे तीर्थंकरांची ओळखीची खूण. ऋषभदेवांचा बैल, पार्श्वनाथांचा नाग, महावीरांचा सिंह. मूर्तीच्या बैठकीवर लांछन बघूनच आम्ही मूर्ती कुणाची ते ओळखतो. संस्कृतात मुळात 'खूण' एवढाच अर्थ. पहिल्यांदा शाळेत 'लांछनास्पद' हा शब्द वाचला तेव्हा मला खरंच कळेना की यात वाईट काय. भिंतीवर 'मानसिक आजाराचं लांछन' लिहिलं तर आमच्या आजीला तो आजार पूज्य वाटायचा.

वऱ्हाडातला
रानजाईताई, 'डाग' लिहा. सगळ्यांना कळते. कपड्यावरचा डाग धुतला का जाते, हे बाया-माणसं रोज पाहते.

दौतटाक
'डाग' फारसी आहे. मूळ 'दाग़'. कलंक, दूषण, बट्टा, काळिमा असे शब्द घरात असताना परका शब्द का आणावा?

वऱ्हाडातला
'बट्टा' तरी कुठं देववाणीतून उतरला हो? सराफाच्या पेढीवरचा शब्द तो. नाण्याची किंमत कमी झाली का बट्टा. माणसाचीबी किंमत कमी झाली का बट्टाच. आणि चारशे वर्षं वापरल्यावर शब्द परका राहत नाही.

नोंदवही
फारसी असण्यातच 'डाग'ची खरी मजबुती आहे, जरा थांबा. 'स्टिग्मा' मूळ ग्रीक. टोकदार वस्तूने टोचून किंवा भाजून अंगावर केलेली खूण. पळून गेलेले गुलाम, गुन्हेगार यांच्या अंगावर ती करत, म्हणजे पाहणाऱ्याला लांबूनच कळावं. फारसी 'दाग़'चा एक अर्थ नेमका हाच, तापल्या लोखंडाची खूण. अकबराच्या फौजेत घोड्यांना दाग देऊन नोंद ठेवत. आपल्या 'डागणे' क्रियापदात तो अर्थ अजून जिवंत आहे. कपड्यावरचा डाग आपोआप पडतो. हा डाग कुणीतरी दिलेला असतो. 'स्टिग्मा'चं मर्म इतक्या जवळून सांगणारा दुसरा शब्द मराठीत मला तरी दिसत नाही.

कृष्णाकाठ
टोचून केलेली खूण म्हणजे मग गोंदणच की! पण आपल्याकडे गोंदण शुभ. माझ्या आजीच्या हातावर तुळस होती, "मेल्यावर एवढंच बरोबर येतं" म्हणायची.

नोंदवही
सगळीकडे शुभ नव्हतं. कंपनी सरकारच्या काळात बंगाल आणि मद्रासेत जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदत. त्याला 'गोदना' म्हणत. १८४९ मध्ये ते बंद झालं. सुटलेले लोक पागोटं खाली ओढून कपाळ झाकत. लपवणं आलं की पुढचं सगळं आलंच.

रानजाई
डागणं म्हटलं की आमच्याकडे वेगळीच आठवण होते. फिट आलेल्या, अंगात येणाऱ्या माणसांना अजूनही कुठे कुठे चटके देतात. मनोविकाराचा 'डाग' म्हटलं तर पुन्हा तिकडेच जाईल का, ही भीती वाटते.

मांडवीकाठ
गोव्याहून लिहिते. 'पिसो', 'पिशें' हे आमच्या कोंकणीतले रोजचे शब्द. बांबोळीच्या मनोरुग्णालयाला इतकं लांबलचक अधिकृत नाव आहे, पण म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी ते 'पिशांचें हॉस्पिटल'च. मराठीतही 'पिसे लागणे' आहे ना? मग 'वेड' कुठून आला?

दौतटाक
'पिसे' म्हणजे पिशाच. पिशाच, प्राकृतात पिसाअ, मग पिसा. म्हणजे आजाराच्या नावातच बाहेरची बाधा बसली आहे. 'वेड' मात्र 'वेध'वरून आला असं माझं मत. एका गोष्टीचा वेध लागला की माणूस वेडा होतो.

नोंदवही
ऐकायला छान आहे, पण 'वेध' मराठीत 'वेध' म्हणूनच नांदतो आहे. तो एका घरात 'ध' ठेवून दुसऱ्या घरात 'ड' का होईल?

दौतटाक
एकाच मुळाची दोन रूपं मराठीत शेकड्याने आहेत.

अक्षरवेडा
माझं नावच पाहा. मी ते कौतुकाने घेतलं. 'वेडाबाई', 'वेड्या, एवढंही कळलं नाही?' यांत माया आहे. कोल्हापुरात 'खुळ्या' म्हणतात, त्यातही माया आहे. इंग्रजीतून आलेला प्रत्येक शब्द घासूनपुसून घेण्याच्या नादात आपले मायेचे शब्द अपराधी ठरवू नका.

पाचवी गल्ली
अक्षरवेडा, माया तुमच्यासाठी आहे. ज्याच्या घरात कुणी खरंच आजारी आहे, त्याला तो शब्द वेगळा ऐकू येतो.

मी आजवर हे कुठे लिहिलेलं नाही. माझ्या मोठ्या भावाला एकोणिसाव्या वर्षी आजार सुरू झाला. आवाज ऐकू यायचे. आम्ही राहायचो त्या चाळीत भांडण झालं की "याला ठाण्याला पाठवा" हे ठरलेलं वाक्य. ठाणे म्हणजे मनोरुग्णालय, सांगावं लागत नसे. भाऊ खरंच ठाण्याला दाखल झाला तेव्हा आई सगळ्यांना सांगायची, "तो नोकरीला लागला, तिकडेच राहतो." गावाचं नावही तिने घेतलं नाही. माझ्या लग्नाच्या याद्या झाल्या त्यात तो नाही. पत्रिकेत नाही. फोटोत नाही.

त्या सगळ्या वर्षांत आमच्या घरात कलंक, डाग, लांछन यांतला एकही शब्द कुणी उच्चारला नाही. एकच वाक्य होतं. "बाहेर बोलू नकोस." तुमच्या 'स्टिग्मा'चं मराठी मला विचाराल तर हे आहे.

रानजाई
पाचवी गल्ली, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल फार आभार. भाऊ आता कसे आहेत, सांगावंसं वाटलं तरच सांगा.

पाचवी गल्ली
औषध चालू आहे. माझ्याकडेच असतो. सकाळी दूध तोच आणतो, आणि माझ्या मुलीची गणितं तोच सोडवून देतो.

वऱ्हाडातला
दादा, तुमचं वाचून थांबलो थोडा वेळ. आमच्याकडे ठाण्याऐवजी नागपूर. तिथं चौकाचंच नाव 'पागलखाना चौक'. ऑटोवाल्याला तसंच सांगते लोक. शाळेत असताना 'नागपूरले नेऊन टाकतो' अशी धमकी मीबी दिली आहे. रत्नागिरी, येरवडा, कुठंही जा, चारही गावांच्या नावांचं तेच झालं.

शिशिर
मी समुपदेशक आहे. माझी तक्रार 'समुपदेशन' याच शब्दाबद्दल आहे. त्यात 'उपदेश' आहे आणि लोकांना तेवढाच ऐकू येतो. घरचे सांगतात, "साहेब, याला चार गोष्टी समजावून सांगा." माणूस हात बांधून बसतो, शिकवणी घ्यायला आल्यासारखा. खरं तर मी ऐकायला बसलेला असतो. 'छिन्नमनस्कता' त्याहून वाईट. 'स्किझोफ्रेनिया'चं शब्दशः भाषांतर केलं, फुटलेलं मन. त्यामुळे एका देहात दोन माणसं राहतात असा गैरसमज घट्ट झाला. त्या आजारात असं काही होत नाही.

जपानमध्ये हीच अडचण होती. त्यांच्या जुन्या नावाचा अर्थही 'मन दुभंगण्याचा आजार' असाच. रुग्णांच्या कुटुंबीयांनी वर्षानुवर्षं मागणी लावून धरली आणि २००२ मध्ये नाव बदललं. नव्या नावाचा अर्थ साधारण 'एकसंधतेचा तोल बिघडणे'. त्यानंतरच्या दोनेक वर्षांत रुग्णाला निदान स्पष्ट सांगण्याचं डॉक्टरांचं प्रमाण जवळपास दुप्पट झालं. आधी डॉक्टरांनाच ते नाव तोंडावर सांगवत नव्हतं.

अक्षरवेडा
मग 'महारोगी सेवा समिती'चं काय? बाबा आमट्यांनी १९४९ साली वरोऱ्याला काढली. नावात 'महारोगी' आहे, ते आजही आहे. तो शब्द तेव्हा माणसाला गावाबाहेर काढायला पुरेसा होता. त्यांनी शब्द नाही बदलला, आनंदवन उभं केलं. शब्द धुवायला साबण लागत नाही, काम लागतं.

शिशिर
मान्य. पण बाकी सगळ्यांनी 'कुष्ठरोग' म्हणायला सुरुवात केली तेव्हा त्या कामाला मदतच झाली. एकाने काम करायचं आणि दुसऱ्याने भाषा सांभाळायची, यात भांडण कसलं?

दौतटाक
भाषा सांभाळायची तर नवा शब्द दोन पिढ्यांत मळतो हेही लक्षात घ्या. 'वेडा' नको म्हणून 'मनोरुग्ण' आणला. आज वर्तमानपत्रं खुनाच्या बातमीत 'मनोरुग्णाने केला हल्ला' लिहितात. कायद्याचंही तसंच. १९१२ च्या कायद्याच्या नावातच 'लुनसी' होतं, चंद्रामुळे लागणारं वेड. १९८७ मध्ये ते गेलं. २०१७ च्या कायद्यात 'आरोग्यसेवा' आली आणि उपचार हा माणसाचा हक्क ठरला. नावं सुधारत गेली, चाळीतलं वाक्य तेच राहिलं.

शिशिर
२०१७ चा कायदा नुसतं नाव नाही. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला गुन्हेगार न मानता तीव्र ताणाखाली असलेला माणूस मानायचं, हे त्यातच आलं. माझ्याकडे येणाऱ्या घरांना त्याने खरोखर आधार दिला.

वऱ्हाडातला
गावातलं सांगतो. अमरावती जिल्ह्यात तीस गावांत 'विश्राम' म्हणून प्रकल्प झाला होता. नाव पाहा किती साधं, दमलेल्या माणसाला कळणारं. गावातल्याच माणसांना शिकवलं, ते घरोघर, पारावर जाऊन बोलले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी शंभरात चार होते, दीड वर्षात सत्तावीस झाले. २०१७ मध्ये 'लान्सेट सायकियाट्री' या डॉक्टरी नियतकालिकात ते छापून आलं. आता गावात 'नैराश्य' म्हणून कोण बोलते? लोक 'टेन्शन' म्हणते. 'डोकं लय जड झालं', 'जीव लागत नाही', 'विचार सुटत नाही' म्हणते. शब्द तिथंच पडून आहे, उचलायचा फक्त.

दौतटाक
'टेन्शन' मराठी नाही.

वऱ्हाडातला
माह्या मायले सांगा बरं.

मांडवीकाठ
इथेही सगळे 'टेन्शन'च म्हणतात. पण एक धोका आहे. परीक्षेचंही टेन्शन, कर्जाचंही टेन्शन आणि जगू नये असं वाटतं तेही टेन्शन. शब्द सगळ्यांना सामावून घेतो, त्यात जो खरा बुडतो आहे तो दिसेनासा होतो.

शिशिर
म्हणून पुढचा प्रश्न विचारायचा असतो. "टेन्शन आहे" हे दार. "झोप लागते का, जेवण जातं का, जगणं नको वाटतं का" हे आतलं घर. दारावर अडू नका आणि दारातूनच परतूही नका.

रानजाई
तीन दिवस सगळं वाचत होते. आज आशाताईंशी बोलले. त्या म्हणाल्या, "ताई, भिंतीवर त्या गोष्टीचं नाव कशाला? आलेल्या माणसाला बसायला सांगा." मग भिंतीसाठी एवढंच लिहून दिलं:

"झोप लागत नाही? विचार सुटत नाहीत? कुणाशी बोलावंसं वाटतं? आशाताईंना हाक मारा. किंवा १४४१६ वर फोन करा, पैसे पडत नाहीत."

तिसरा प्रश्न आधी 'बोलावंसं वाटत नाही?' असा होता, तो आशाताईंनी उलटा केला. पथनाट्यात पाचवी गल्ली यांचं वाक्य घ्यायची इच्छा आहे, 'बाहेर बोलू नकोस' एवढंच. त्यांची परवानगी असेल तरच.

पाचवी गल्ली
घ्या. भावाला विचारलं. तो म्हणाला, नाटकात आई वाईट दाखवू नका.

रानजाई
नाही दाखवणार. शब्द देते.

नोंदवही
रानजाई, भिंतीचं छान झालं. पण पत्रकाचं काय? तिथे 'स्टिग्मा' दर दोन ओळींनी आहे म्हणालात.

रानजाई
आहेच. अहवालातही लिहावा लागणार. तिथे अजून जागा मोकळी सोडली आहे.

नोंदवही
मग 'डाग' लिहाच. 'डाग देणे' असं क्रियापदासकट. देणारा कोण, हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

दौतटाक
'दूषण देणे' मध्येही देणारा आहे, आणि शब्द आपला आहे.

कृष्णाकाठ
'बोल लावणे' कसं वाटतं? आमच्याकडे "माझ्या लेकराला बोल लावू नका" म्हणतात.

मांडवीकाठ
कृष्णाकाठ, हा 'बोल' आणि बोलण्यातला 'बोल' एकच का?