मँडोलिनच्या तारा, कोटेड की साध्या: हवा आणि हात बघून ठरवा
कोटेड, म्हणजे वरून पातळ थर चढवलेल्या तारा जरा दबक्या वाजतात असं तुम्ही म्हणालात ते बरोबरे, पण ते सुरुवातीलाच, नंतर साध्या तारांची चमक घामाने उतरते आणि कोटेडची बरीच टिकते. मुंबईच्या दमट हवेत जी आणि डीच्या जाड, वरून तार गुंडाळलेल्या तारांच्या वेढ्यांत मळ बसतो ना, तोच आवाज मारतो, कोटिंगचा खरा उपयोग तिथे. फक्त ट्रेमोलो (एकच सूर भराभर छेडत राहणं) जोरात असेल तर पिक, म्हणजे छेडायची पट्टी, लागते तिथे कोटिंगचे बारीक तंतू सुटतात, दिसायला घाण, आवाजाला फारसं काही होत नाही. रोज वाजवत असाल आणि हात घामट नसतील तर डॅडारिओ कंपनीच्या साध्या ईजे७४ तारा घ्या, स्वस्त पडतात, बदलत राहा (आठ तारा सुरात लावायचा वैताग आहेच म्हणा). मँडोलिन महिनोन्‌महिने पेटीतच राहणार असेल तर सरळ एलिक्सर कंपनीच्या कोटेड तारा.