संगीतविषयक नियतकालिकाचे मुखपृष्ठ वाचकाला कसे खेचून घेते?

प्रश्न: 1981 मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या ‘केरँग!’ या नियतकालिकाचे मुखपृष्ठ मेटल या जोरकस रॉक संगीताच्या तरुण चाहत्यांना नेमके कशाने खेचून घेते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर 1: नावापासूनच. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा जोरात छेडल्यावर उठणारा आवाजच नाव म्हणून घेतला आहे, आणि त्याची जाड अक्षरे तडकलेल्या काचेसारखी भेगाळलेली असल्यामुळे तो आवाज लांबूनही जणू ऐकू येतो.

उत्तर 2: सहमत, पण शांतताही तितकीच परिणामकारक ठरते. ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकी संगीत नियतकालिकाच्या 22 जानेवारी 1981 च्या अंकावर, गायक जॉन लेनन यांच्या हत्येच्या दिवशीच छायाचित्रकार अ‍ॅनी लीबोविट्झ यांनी टिपलेले, पत्नी योको ओनो यांना बिलगलेल्या विवस्त्र लेनन यांचे छायाचित्र होते आणि अंकाच्या नावाखेरीज एकही मथळा नव्हता. शोकाकुल वाचकाला शब्द नकोच होते.

उत्तर 3: मात्र लेनन यांना सारे ओळखत होते, नवख्या बँडला मथळ्याचा आधार लागतोच.