मदत हवी आहे: राइडिंग मोअरचा पात्यांचा पट्टा वळणावर उतरतो (नाशिक)

नमस्कार मंडळी,

नाशिकला आडगावच्या बाजूला आमचं लग्नाचं लॉन आहे. गवत कापायला बसून चालवायचं मशीन आहे, सेकंडहँड घेतलेलं. पुढे इंजिन, पोटाखाली ४२ इंची डेक, त्यात दोन पाती. इंजिन, गिअर, ब्रेक सगळं ठणठणीत. त्रास फक्त डेकच्या पट्ट्याचा. सरळ ओळीत मशीन छान कापतं, पण टोकाला जाऊन वळलं किंवा स्टेजजवळच्या उंचवट्यावर चढलं की पट्टा उतरतो. तुळशीचं लग्न लागलं की आमच्या तारखा सुरू होतात, आणि त्याआधी ऑक्टोबर छाटणीला झाडून सगळे मजूर द्राक्षबागांत. हाताने कापून घेऊ म्हटलं तरी माणूस मिळत नाही.

पट्ट्याचा मार्ग नीट सांगते, म्हणजे जाणकारांना अंदाज येईल. इंजिनाच्या खाली एक पुली. तिथून पट्टा मागे डेकवर येतो, डाव्या आणि उजव्या पात्याच्या पुलीला वळसा घालतो. मध्ये दोन आयडलर (पट्टा ताणून धरणाऱ्या मोकळ्या पुल्या) आहेत, एक जागेवर पक्का आणि दुसरा स्प्रिंग लावलेल्या आर्मवर. लिव्हर पुढे ढकललं की केबल आर्म ओढते, आयडलर पट्ट्यावर दाबला जातो आणि पाती फिरू लागतात. लिव्हर मागे घेतलं की पट्टा सैल. पट्ट्याची निमुळती बाजू पुल्यांच्या गाळ्यात आणि सपाट पाठ आयडलरवर, हे सीटखालच्या आकृतीशी ताडून पाहिलं आहे. पट्टा कुठे पिळलेला नाही. पुल्यांच्या कडेला पट्टा बाहेर पडू नये म्हणून ज्या लोखंडी काड्या असतात, त्यांच्या आतूनच गेला आहे.

आता जे दिसतं ते. पट्ट्याच्या दोन्ही उतरत्या कडा काचेसारख्या गुळगुळीत झाल्यात आणि एका कडेचं कापड सुटून आतले दोरे बाहेर आलेत. डेकवर काळी रबराची भुकटी साचते. पाती चालू करताना आधी चिरका आवाज, मग जळक्या रबराचा वास. पट्टा काढून पुल्या हाताने फिरवल्या तर उजवी गपगुमान फिरते, डावी मात्र खरखरते आणि हलवली की किंचित डुगडुगते. आणखी एक गोष्ट: लिव्हर पूर्ण पुढे असताना स्प्रिंगचा आर्म त्याच्या खाचेच्या पार शेवटाला जाऊन टेकतो. पावसाळ्यात गवत ओलं असतं म्हणून डेक उंच ठेवून कापतो, तेव्हा पट्टा जास्त उतरतो. डेक खाली असला की कमी.

मशीनच्या पुस्तकात पट्टा अर्धा इंच रुंद आणि ९५ इंच लांब लिहिला आहे. सध्याच्या पट्ट्यावर पुसट ‘ए ९५’ वाचता येतं. तो आधीच्या मालकाने बसवलेला. दुकानदार म्हणतात माप बरोबर आहे, पुलीच बदला. दुसरे एक मेकॅनिक म्हणतात स्प्रिंग कापून आखूड करा म्हणजे ताण वाढेल. मला स्प्रिंग कापायची नाही, तो जुगाड पुढे कुठेतरी अंगाशी येईल असं वाटतं.

सगळ्यात मोठी काळजी वेगळीच आहे. पट्टा उतरला की आमचे माळीमामा इंजिन चालू ठेवूनच खाली वाकतात आणि पट्टा बोटांनी सरकवायला बघतात. साठीचा माणूस आहे, आमच्याकडे सासऱ्यांच्या काळापासून. मी आता नियमच केला आहे: चावी काढायची, हँडब्रेक लावायचा, स्पार्क प्लगची टोपी काढून बाजूला ठेवायची आणि पाती पूर्ण थांबल्याशिवाय हात घालायचा नाही. पण मुळात पट्टा उतरायचाच थांबला पाहिजे. रोज उतरणारी गोष्ट असली की नियम कधीतरी मोडतोच.

तर आधी काय बघू? पट्टा, पुलीचं बेअरिंग की पुल्यांची लाइन, म्हणजे त्या एका पातळीत आहेत का ते? डेक काढायची तयारी आहे, जागा आहे, नट खोलायचे पाने आहेत.

प्रतिसाद

ताई, सगळं इतकं व्यवस्थित लिहिलंत की निम्मं उत्तर त्यातच आहे. मी अंबडला मेंटेनन्समध्ये होतो, पट्ट्यांवरच आयुष्य गेलं.

आर्म शेवटाला जाऊन टेकतो म्हणजे पट्टा लांब आहे. स्प्रिंगला ओढायला जागाच उरलेली नाही, मग ती कापा नाहीतर नवी आणा, फरक पडणार नाही. आणि लांब का आहे तेही सांगतो. आपल्याकडे ए सेक्शनच्या, म्हणजे तुमच्यासारख्या अर्धा इंच रुंद पट्ट्यावरचा आकडा आतल्या घेराचा असतो, इंचात. मोअरच्या पुस्तकात लिहितात तो बाहेरचा घेर. ए सेक्शनमध्ये या दोन्हींत साधारण २ इंचांचा फरक पडतो. म्हणजे तुमचा ए ९५ बाहेरून ९७ च्या आसपास भरतो. तुम्हाला हवा ए ९३. दुकानदाराने आकडा जुळवला, घेर नाही. हीच गोष्ट बी सेक्शनमध्ये, म्हणजे जास्त रुंद पट्ट्यात, ३ इंचांवर जाते, कुणाचं मोठं मशीन असेल तर लक्षात ठेवा. जुन्या पट्ट्याला दोरा लावून माप घेऊ नका, तो ताणलेला असतो.

दुसरं, साधा पट्टा आणू नका. पंपाचा किंवा कॉम्प्रेसरचा पट्टा कायम एकाच ताणावर फिरतो. तुमचा पट्टा दर वेळी सैल होतो, घासतो, मग पकडतो, आणि आयडलरवर पाठीकडून उलटा वाकतो. त्याला आत केवलारचे (न ताणणाऱ्या मजबूत कृत्रिम धाग्याचे) दोरे आणि वरून पूर्ण कापड गुंडाळलेला पट्टा लागतो. साध्याच्या कडा तुमच्यासारख्याच गुळगुळीत होतात.

डाव्या पुलीचं बेअरिंग गेलेलं आहे, त्यात शंका नको. खरखर आणि डुगडुग दोन्ही आहे म्हणजे शाफ्ट वळणावर तिरपा होतो, पुली कलते आणि पट्टा काठावर चढतो. डेक उंच केल्यावर जास्त उतरतो तेही यातच बसतं, कारण इंजिनाची पुली आणि डेकच्या पुल्या यांच्या पातळीतला फरक तेव्हा बदलतो आणि सैल पट्टा तो सहन करत नाही. बेअरिंगवरचा नंबर वाचून तेच आणा. दोन्ही बाजूंनी रबर सील असलेलं घ्या, गवताचा रस आणि माती आत जात नाही.

डेक उतरवलाच की पुल्यांचे गाळे बघा. पट्टा कडांवर पकडला पाहिजे, तळाला टेकता कामा नये. गाळ्याचा तळ चकचकीत दिसला तर ती पुली झिजली, बदला. मग पुल्यांच्या तोंडावर सरळ पट्टी लावून दोन्ही एका पातळीत आहेत का ते पाहा. आयडलरचा ब्रॅकेट वाकलेला असतो बऱ्याचदा, कुणीतरी दगडावर डेक आपटलेला असतो. पुल्यांभोवती वाळलेलं गवत साचलेलं असेल ते खरवडून काढा.

बसवताना डेक सगळ्यात खाली घ्या, लिव्हर मागे, आर्म सैल. पट्टा आधी डेकच्या पुल्यांवर काड्यांच्या आतून, आणि शेवटी इंजिनाच्या पुलीवर. स्क्रूड्रायव्हर घालून ओढायचा नाही, आतले दोरे तुटतात, बाहेरून दिसतही नाही. मामांना माझा नमस्कार सांगा आणि प्लगची टोपी काढायचा तुमचा नियम अजिबात सोडू नका.

धागाकर्ती

काका, खूप आभार. आज डेक उतरवला. डाव्या शाफ्टवर ६२०३ नंबरचं बेअरिंग निघालं, सील फाटून आतलं ग्रीस वाळलेलं. उजवं ठीक वाटतंय. गाळ्यांचा तळ मळलेला आहे, चकाकी नाही, म्हणजे पुल्या शाबूत आहेत असं धरते. आयडलरचा ब्रॅकेट मात्र खरंच पट्टी लावल्यावर एका बाजूला झुकलेला दिसला, लेथवाल्याकडे सरळ करायला दिला आहे.

सातपूरला ए ९३ लगेच मिळतोय, पण साधा. केवलारचा मागवावा लागेल, आठवडा जाईल म्हणाले. तोवर साधा लावून कोरड्या गवतावर चालवला तर चालेल का? आणि डेक खाली आहेच तर उजवं बेअरिंगही आत्ताच बदलून घेऊ का?

प्रतिसाद

उजवंही बदला ताई, दोन्ही एकाच वयाची आहेत आणि डेक पुन्हा उतरवायची मेहनत बेअरिंगपेक्षा महाग. साधा पट्टा आठवडाभर चालेल, फक्त लिव्हर एका झटक्यात टाकू नका. इंजिन निम्म्या रेसवर ठेवून हळू पुढे घ्या, पाती फिरू लागली की मग रेस वाढवा. पहिल्या दिवशी अर्धा तास कापून इंजिन बंद करा आणि आर्म बघा. लिव्हर पुढे असताना तो खाचेच्या मधोमध कुठेतरी थांबला पाहिजे. तसा थांबला तर केवलारचाही ए ९३ च मागवा. शेवटाला टेकला तर ऑर्डर देण्याआधी इथे लिहा.