कोरडी ढास महिनाभर जाईना, सिरपने फरक नाही (निपाणी)

वेदगंगाकाठ
मंडळी, बाबांना (वय ६३) महिना होत आला कोरडा खोकला आहे. ताप नाही, सर्दी नाही, कफ पडत नाही. घशात खवखव सुरू होते आणि मग ढास लागते ती थांबत नाही. बोलताना आणि रात्री आडवं झाल्यावर जास्त. सिरपच्या दोन बाटल्या संपल्या. तंबाखूच्या वखारीत दिवाणजी आहेत, पण स्वतः ओढत नाहीत, खात नाहीत. बीपीची गोळी यंदाच सुरू झाली, शुगर नाही. जेष्ठमधाची काडी दिवसभर तोंडात असते. आणखी काय करता येईल? प्रमाणासकट सांगा.

औषधवाला_टिळकवाडी
सिरप राहू दे. आधी बीपीच्या गोळीचं पाकीट उलटं करून बघ. ब्रँडचं मोठं नाव नको, त्याखालचं बारीक अक्षरातलं वाच. शेवटी ‘प्रिल’ आहे का? रॅमिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिंडोप्रिल, यातलं काहीही असलं तर पहिला संशय तिच्यावरच घ्यायचा.

ही औषधं शरीरातलं एक एन्झाइम अडवतात. त्यामुळे बीपी उतरतं, पण ब्रॅडीकायनिन नावाचा पदार्थ मोडायचं कामही तेच एन्झाइम करत असतं. तो साठला की श्वासनलिकेतल्या नसा चाळवतात. मग थंड हवा, हसणं, चार वाक्यं बोलणं एवढंही उबळ यायला पुरतं. म्हणून छाती तपासली तर साफ, आणि सिरपने विशेष फरक नाही. गोळी सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात होतो तसा काही महिन्यांनीही होतो. ‘तेव्हा तर काही झालं नाही’ म्हणून गोळीला सोडून देऊ नका. अर्धी करूनही सहसा जात नाही.

मात्र स्वतःहून बंद करायची नाही, बीपी उसळी मारतं. ज्यांनी लिहून दिली त्या डॉक्टरांना खोकल्याचं सांगा. बहुतेक वेळा ‘सार्टन’वाली (टेल्मिसार्टन, लोसार्टन) देतात, तिच्यात हा त्रास क्वचित. बदलल्यावर खोकला ओसरायला एक ते चार आठवडे जातात, काहींना तीन महिनेही. लोक आठव्या दिवशीच कंटाळतात, ही खरी अडचण. आणि ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला तर रात्र असो की पहाट, तडक मोठा दवाखाना.

जेष्ठमध आजपासून बंद. त्यातलं ग्लिसरायझिन शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम खाली आणतं. म्हणजे गोळीने बीपी उतरवायचं आणि काडीने चढवायचं!

मलप्रभाकाठी
काकांनी मुळावर बोट ठेवलंय. तोवर रात्री कशा काढायच्या ते सांगते.

झोपताना चहाचे दोन चमचे मध, तसाच, सावकाश चाटून. वर लगेच पाणी नको. (घरात वर्षाखालचं बाळ असेल तर त्याला मधाचं बोटही लावायचं नाही, बोटुलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो.) गुळण्यांना पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, बास. जास्त घातलं तर घसा उलट कोरडा पडतो. पाणी थुंकून टाका, गिळायचं नाही.

उबळ येतेय असं वाटलं की उठून बसायचं, तोंड मिटायचं, आवंढा गिळायचा, नाकाने हळू श्वास घेऊन ओठ चंबूसारखे करून सोडायचा. मग कोमट पाण्याचा घोट. सतत घसा खाकरायची सवय मात्र मोडावी लागते, कारण प्रत्येक खाकरणं घशाला नव्याने खरवडतं. खडीसाखर, लवंग दिवसा चघळा. लाळ सुटते तेवढाच तिचा उपयोग. तोंडात ठेवून झोपू नका. वाफेचा कोरड्या खोकल्याला भरवसा नाही, आणि उकळतं पातेलं मांडीवर घेऊन लोक भाजून घेतात.

आडवं झाल्यावर वाढतो म्हणता, तर आम्लपित्तही बघा. छातीत जळजळ नसतानाही ते खोकवतं. जेवण झोपेच्या तीन तास आधी, रात्रीचा ठेचा काही दिवस बंद. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा घालून १५ ते २० सेंटीमीटर उंची द्या. नुसत्या उशा रचल्या की पोट दुमडतं आणि आम्ल आणखी वर येतं.

वेदगंगाकाठ
पाकिटावर रॅमिप्रिल ५ आहे! उद्याच डॉक्टरांकडे जातो. उरलेलं सिरप डेक्स्ट्रोमेथॉर्फनचं आहे, तीन वर्षांच्या पुतण्याला चालेल का? त्यालाही खोकला आहे.

औषधवाला_टिळकवाडी
अजिबात नको. केंद्राच्या आरोग्य खात्याने ऑक्टोबर २०२५ मध्ये स्पष्ट सांगितलंय: दोन वर्षांखाली खोकल्याचं सिरप द्यायचंच नाही, आणि पाच वर्षांखालीही सहसा नाही. मोठ्यांची बाटली चमच्याच्या अंदाजाने मुलांना देणं तर फारच वाईट. त्याला अर्धा चमचा मध चालेल. श्वास भरभर चालत असेल किंवा बरगड्यांखाली खड्डा पडत असेल तर लगेच डॉक्टर.

आशाताई_हुक्केरी
दादा, गोळी सापडली म्हणून टीबीसाठीची थुंकीची तपासणी टाळू नका. खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त राहिला की ती करायचीच, सरकारी दवाखान्यात फुकट होते. दोन नमुने लागतात: एक तिथेच, दुसरा सकाळी उठल्याउठल्या. आधी साध्या पाण्याने चूळ भरायची, उघड्यावर उभं राहून दोन-तीन खोल श्वास घ्यायचे आणि छातीच्या तळातून खोकायचं. नुसती लाळ दिली तर तपासणी फुकट जाते. बेडका पडतच नसेल तर तसं सांगा, एक्स-रे काढतील. रक्त, रात्रीचा घाम, वजन उतरणं यातलं काही असेल तर उद्यावर ढकलू नका.

आणि वखारीचं बघा. सुट्टीच्या दिवशी खोकला कमी होतो का, ते आठवडाभर वहीत लिहा; डॉक्टरांना दाखवायला उपयोगी पडेल. छातीत शिट्टी वाजत असेल तर स्पायरोमेट्री (नळीत फुंकून फुप्फुसाची ताकद मोजायची तपासणी) करून घ्या, दमा नुसत्या खोकल्यानेही सुरू होतो. पोती हलवताना तोंडाला बांधलेला रुमाल बारीक धूळ अडवत नाही. एन-९५ मास्क घ्या, नाकावरची पट्टी दाबून बसवा. दाढी असली तर कडेने धूळ आत जाते. झाडलोट चालू असताना हिशेबाचं टेबल बाहेरच्या पडवीत घ्यायला मालकांना सांगून बघा की.