मदत हवी आहे: हिरड्याच्या अर्काने बायोफिल्म (जंतूंचा चिकट थर) घटते की वाढते?

नमस्कार मंडळी,
कोल्हापुरात एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी करतेय. प्रोजेक्टला निर्गुडी, करंज आणि हिरडा यांचे मिथेनॉलमधले अर्क घेतलेत. जंतू स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि स्यूडोमोनास एरुजिनोसा. हिरडा आंबा घाटाकडचा आहे. वनस्पतिशास्त्रवाल्यांकडून ओळख पटवून घेतलीय, तेव्हा तो प्रश्न नको.

आगारवर झोन (अर्काभोवतीची जंतू न वाढलेली जागा) झकास येतात. घोडं पेंड खातंय ते बायोफिल्मपाशी. ९६ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये बायोफिल्म वाढवायची, धुवायची, ०.१ टक्के क्रिस्टल व्हायोलेट (थराला चिकटणारा जांभळा रंग) घालायचं, मग ३० टक्के अॅसेटिक आम्लात रंग सोडवून तो किती गडद याचं रीडिंग घ्यायचं, हे नेहमीचंच. निर्गुडीचं रीडिंग अर्क वाढवला की उतरतं. हिरड्याचं मात्र चढतं! तळाला चहावरच्या सायीसारखा तपकिरी पापुद्रा धरतो, तीनदा धुतला तरी हलत नाही आणि जांभळा रंग पिऊन बसतो. जंतू न घातलेल्या वेलमध्येही तेच. टॅनिन (हिरड्यातला तुरट घटक) मीडियातल्या प्रथिनांना धरून खाली बसत असणार.

एमआयसीला (जंतूंची वाढ रोखणारी किमान मात्रा शोधायला) रेझाझुरिन (जिवंत जंतू असले की निळ्याचा गुलाबी होणारा रंग) वापरलं, तर तिथंही बिनजंतूच्या वेल गुलाबी. अर्कच रंग बदलतोय, मग जिवंत काय नि मेलेलं काय कसं कळणार?

सर म्हणतात, ब्लँक (बिनजंतूच्या वेलचं रीडिंग) वजा कर आणि पुढं जा. मला ते पटत नाही. पीव्हीपीपीने (टॅनिन धरून ठेवणारी पावडर) टॅनिन काढता येईल, पण मग हिरड्यात उरलं काय? कॉन्फोकल मायक्रोस्कोपचं नाव काढू नका, परवडत नाही. कुणी यातून गेलंय का?

प्रतिसाद:
ताई, वजाबाकी नकोच. जंतू असताना गाळ तेवढाच बसेल याची खात्री काय? हिरड्यापुरतं क्रिस्टल व्हायोलेट आणि रेझाझुरिन दोन्ही बाजूला ठेवा. वेल धुवा, खरवडा, सलाइनमध्ये सोनिकेट करा (ध्वनिलहरींनी गुठळ्या फोडा), डायल्यूशन लावून कॉलनी मोजा. गाळाच्या कॉलनी येत नाहीत! आणि टॅनिन काढलेला व न काढलेला असे दोन्ही अर्क शेजारीशेजारी लावा, फरकातून टॅनिनचा वाटा दिसेल. मात्रा एमआयसीच्या खालची घ्या, नाहीतर जंतूच वाढले नाहीत म्हणून बायोफिल्म कमी दिसेल. डीएमएसओचा (अर्क विरघळवायच्या द्रावकाचा) कंट्रोल आहे ना?

धागाकर्ती:
आहे, १ टक्क्याच्या आत. सोनिकेटर आमच्याकडे बाथचाच (पाण्याच्या टाकीचा) आहे, चालेल?

प्रतिसाद:
चालेल. फक्त आधी अर्काशिवायच्या बायोफिल्मवर वेगवेगळ्या वेळा लावून बघा. कॉलनी वाढत जाऊन जिथं घटायला लागतील, म्हणजे जंतूच मरायला लागतील, त्याच्या अलीकडे थांबायचं.