तेलगू घरात लग्न ठरतंय, दोन्हीकडून 'ते लोक असलेच' ऐकून थकलेय

विजापूररोडची:
नमस्कार, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. मी २८ वर्षांची, सोलापूरचीच, विजापूर रोडला घर, घरी मराठी. तो पूर्व भागातला, म्हणजे शहरातल्या तेलगू वस्तीतला, पद्मशाली (विणकर समाज), त्याचे पणजोबा करीमनगरकडून इथं मागावर कामाला आले, अजून घरात टॉवेलचे दोन यंत्रमाग चालू आहेत. आमची ओळख पाच वर्षांची. दोन्ही घरांनी हो म्हटलंय, म्हणजे तोंडाने हो म्हटलंय, पण रोज काहीतरी ऐकायला मिळतं. माझी मावशी म्हणते तेलगू लोक पैसा सोडत नाहीत, हुंडा मागतील बघ, दोन्ही वेळ चिंचेचा भात खावा लागेल. त्याच्या काकू म्हणतात मराठी पोरी उलट बोलतात, वर्षभरात नवऱ्याला वेगळं काढतात.

मागच्या रविवारी त्यांच्याकडे चहाला गेले होते. सगळे छान मराठीत बोलत होते आणि लग्नाचा विषय निघाला की एकदम सगळे तेलगूत गेले. मला एकच शब्द कळला, 'मराठोळ्ळु', म्हणजे मराठी लोक. म्हणजे माझ्याबद्दलच चाललेलं. मी कप हातात धरून बसून राहिले, घरी येऊन रडले. आणि तितकंच वाईट मला माझ्या बाबांचं वाटलं, ते त्याच्यासमोरच म्हणाले की "तुम्ही बाहेरून आलेले, आम्ही मूळचे." तो काही बोलला नाही पण त्याचा चेहरा उतरला. चौथी पिढी आहे हो त्याची इथं.

मला खरंच विचारायचंय, ज्यांनी असं लग्न केलंय त्यांनी आधी काय काय बोलून घेतलं? आणि त्या घरात जाऊन मी माझी राहीन का ही भीती सगळ्यांना वाटते का मलाच?

साखरपेठेतली_सून:
ताई, मला अकरा वर्षं झाली. माझं माहेर बार्शी, सासर तेलगू, त्यामुळे तुझा तो चहाचा कप मला दिसला अगदी.

आधी भाषेचं सांगते कारण सगळ्यात जास्त तेच लागतं मनाला. ते तेलगूत गेले म्हणजे दरवेळी तुला वगळायलाच गेले असं नसतं. माझ्या अत्तम्माला, म्हणजे सासूला, मराठी बाजारापुरतं येतं, पैशाचं, काळजीचं, भांडणाचं सगळं तिला तेलगूतच सुचतं. हे मला दोन वर्षांनी कळलं, तोपर्यंत मी रोज मनात धरून बसायचे. पण म्हणून गप्प बसू नको. मी नवऱ्याला एकच सांगितलेलं, मी समोर असताना माझा विषय निघाला तर तू तिथल्या तिथं मला मराठीत सांगायचं, नंतर खोलीत नाही. आणि मी शिकले. पहिलं वर्ष फक्त नाती शिकले, नानम्मा म्हणजे आजी, मामय्या म्हणजे सासरे, वदिना. वदिना म्हणजे आपली वहिनीच, कानाला सुद्धा तसंच लागतं.

पैसा सोडत नाहीत म्हणतात ना, त्याचं मूळ मी घरात बघितलंय. अत्तम्माने तीस वर्षं विड्या वळल्या. हजार विड्यांमागे मजुरी, त्यात माल खराब म्हणून काढून टाकलेल्या विड्या हिशोबात धरत नाहीत, पान कमी पडलं तर पदरचं आणायचं. सूप मांडीवर घेऊन पहाटेपासून बसायची बाई, त्या पैशावर तीन पोरं शिकवली. अशा घरात दिवा चालू राहिला तरी ओरडा पडतो. माझे वडील सरकारी नोकरीत, महिन्याला पगार ठरलेला, आम्हाला तो ओरडा कंजूषपणा वाटणारच. ही जातीची सवय नाही गं, हजारावर मजुरी घेणाऱ्या घराची सवय आहे, विड्या वळणाऱ्या कुठल्याही बाईच्या घरात जाऊन बघ.

बाकी खाण्यापिण्याचं काही नाही. पुलिहोरा, म्हणजे तो चिंचेचा भात, मला आता माहेरी गेल्यावर आठवतो. पाडव्याला आपण कडुलिंब गूळ खातो, ते त्याच दिवशी उगादीची पच्चडी करतात, तिच्यात कडुलिंबाचं फूल, गूळ, चिंच, कैरी. संक्रांतीला माझ्या घरी तिळाच्या वड्या पण होतात आणि सकिनालु पण, तांदळाच्या पिठाचे ते गोल गोल, ते हाताने वळायला मला चार संक्रांती लागल्या. बतुकम्माला, म्हणजे त्यांच्या फुलांच्या सणाला, पहिल्या वर्षी मी लांब उभी होते, नणंदेने हात धरून फेरात ओढलं. आपला भोंडला आठव, तसंच मध्ये फुलं आणि भोवती बायका.

जे खरं बोलून घ्यायचं ते वेगळंच आहे. "आमच्यात असंच असतं" हे वाक्य. ते दोन्हीकडे असतं आणि ते आलं की बोलणं संपतं. मला बाळंतपणाला कुठं जायचं, पगार कुणाच्या हातात द्यायचा, माझ्या आईकडे महिन्यातून किती वेळा, सगळ्याला हेच उत्तर. मग मी विचारायला लागले, आमच्यात म्हणजे कुणात? अत्तम्माने स्वतः असं केलं होतं का? अर्ध्या वेळा कळायचं की तिने पण केलं नव्हतं, तिच्या सासूने तिला ऐकवलेलं. हे लग्नाआधी विचार, आणि त्याच्याकडून नाही, त्याच्या आईकडून ऐक.

भय्याचौक_कट्टा:
वरच्या ताईंनी छान लिहिलंय. मला बाहेरून आलेले आणि मूळचे यावर बोलायचंय कारण हे आपल्या गावात ऐकलं की मला खरंच त्रास होतो. आमच्या भय्या चौकात डॉ. कोटणीसांचं स्मारक आहे. १९१० साली सोलापुरात जन्मलेला माणूस, १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेला, तिथं चिनी शिकला, १९४१ मध्ये तिथल्याच क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं आणि डिसेंबर १९४२ मध्ये ३२ व्या वर्षी तिकडेच गेला. मुलाचं नाव त्यांनी यिनहुआ ठेवलेलं, यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. नवरा गेल्यावरही त्या बाई नंतर कितीतरी वेळा भारतात येऊन कोटणीसांच्या माणसांना भेटून गेल्या. त्या काळात, युद्ध चालू असताना, भाषा नाही देश नाही अशा दोघांना हे जमलं. तुमच्या दोघांत तर रिक्षाने पंधरा मिनिटांचं अंतर आहे. बाबांना एकदा घेऊन या स्मारक बघायला, वाद घालू नका, नुसतं दाखवा.

एकदा_पोळलेला:
सगळे गोड लिहितील म्हणून मी लिहितो. माझं लग्न मोडलं. ती गुजराती, मी मराठी, दोघंही चांगले. आम्ही लग्नाआधी प्रेमात होतो म्हणून काहीच बोललो नाही, वाटलं जमेल. माझ्या आईने पहिल्या महिन्यात तिचं नाव बदललं, तांदळात लिहून, आपल्याकडे करतात तसं. ती त्या दिवशी हसली, मला वाटलं तिला आवडलं. तीन वर्षांनी वेगळं होताना ती म्हणाली त्या दिवसापासून मी पाहुणी होते तुझ्या घरात. मला तेव्हा विचारायला सुद्धा सुचलं नव्हतं की तुला चालेल का, कारण मला तो रिवाज वाटतच नव्हता, ते आपलं असंच असतं असं वाटायचं. लोक समोरच्याच्या रिवाजाकडे बघत बसतात, स्वतःचा रिवाज माणसाला दिसत नाही. बाईसाहेब, त्याला तुमच्या घरातल्या गोष्टी पण विचारायला सांगा, नुसत्या त्याच्या घरातल्या तुम्ही विचारू नका.

विजापूररोडची:
@एकदा_पोळलेला दादा, मनापासून लिहिलंत, वाचून पोटात कालवलं. नाव बदलायचं माझ्या डोक्यातच नव्हतं, आजच विचारते. @साखरपेठेतली_सून ताई, अत्तम्मा म्हणजे आत्या ना? मग सासूला का म्हणतात?

साखरपेठेतली_सून:
हो गं, दोन्हीला तोच शब्द. पूर्वीपासून आत्याच्या घरी मुलगी द्यायची पद्धत, म्हणून आत्याच सासू व्हायची. आणि आपल्याकडे काय वेगळं आहे, माझी आजी तिच्या सासूला आत्याबाई आणि सासऱ्यांना मामंजी म्हणायची. मराठीतही आत्या आणि मामाच. मामाची पोरगी करायची पद्धत आपल्यातही आहेच की. आणि लोक म्हणतात "ते लोक नात्यात लग्न करतात, आपल्यात नाही".

मागवाल्याचा_नातू:
मी पण पूर्व भागातलाच, तेलगूच. ताई तुमच्या बाबांवर राग नाही पण एक सांगायचंय, ते 'बाहेरून आलेले' ऐकून तुमच्या होणाऱ्या मिस्टरांचा चेहरा उतरला ना, तो कसा उतरतो ते मला माहितीये. शाळेत माझ्या आडनावाला हसायचे, म्हणायचे एंडुगुंडू. मराठी माझी पहिल्यापासून चांगली होती, निबंधात बक्षीस मिळालेलं, तरी मास्तर म्हणाले "तेलगू असून छान लिहितोस". असून. तो शब्द अजून डोक्यात आहे. हैद्राबादला मावशीकडे गेलो की तिथं म्हणतात तुझी तेलगू मराठी वासाची. म्हणजे तिकडे आम्ही सोलापूरवाले आणि इकडे तेलगू. १८७७ च्या सुमारास जुनी मिल चालू झाली, पुढे आणखी गिरण्या निघाल्या, हातमाग वाढले, माणसं लागत होती म्हणून आमची माणसं आली, आणि जी सोलापुरी चादर सगळा महाराष्ट्र पांघरतो ती विणण्यात आमच्या आजोबा पणजोबांचे हात आहेत. आता अजून किती दिवस बाहेरचे?

आणि आमच्या घरचं पण बोलतो, नाहीतर ते बरोबर होणार नाही. आमच्या बायका मराठी सुनेला घाबरतात हे खरं आहे. भीती अशी की पोरगा तेलगू विसरेल, नातू आजीशी बोलणार नाही. तुम्ही त्यांच्या नानम्माला एकदा जाऊन सांगितलं ना की पोरांना तेलगू तुम्ही शिकवा, मी आडवी येणार नाही, तर ती बाई तुमच्यासाठी सगळ्या घराशी भांडेल बघा.

अक्कलकोटवेस_काका:
वय ६४. बायको कानडी, लिंगायत, आमच्या लग्नाला ३८ वर्षं झाली. माझे वडील पहिली दोन वर्षं तिच्या हातचं पाणी घेत नव्हते, शेवटच्या आजारपणात तिच्याशिवाय कुणाच्या हातचं औषध घेत नव्हते. मधल्या काळात काय झालं ते एका रात्रीत झालं नाही, तिनं खूप सोसलं आणि मी तेव्हा गप्प बसलो त्याची मला आजही लाज वाटते. तेव्हा त्या मुलाला सांग पोरी, की गप्प बसायचं नाही.

मूळचे कोण म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगतो की आपलं ग्रामदैवत सिद्धरामेश्वर, १२ व्या शतकातले, त्यांची वचनं कानडीत आहेत. संक्रांतीच्या यात्रेत संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, सात नंदीध्वज उभे असतात, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, आणि "सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम" म्हणत सगळं गाव अक्षता टाकतं. ते लग्न कुणाचं? कुंभाराच्या मुलीचं, सिद्धेश्वरांच्या योगदंडाशी. तिथं तेलगू, मराठी, कानडी सगळे शेजारी शेजारी उभे असतात आणि कुणाच्या हातातला तांदूळ कुठला ते कुणी विचारत नाही. तुझे बाबा पण जात असतीलच की दरवर्षी.

कोर्टाजवळचा:
थोडं कायद्याचं. दोघं हिंदू असाल तर जात भाषा वेगळी असली तरी हिंदू विवाह कायदा १९५५ पुरतो, ३० दिवसांच्या नोटिशीचा विशेष विवाह कायदा १९५४ चा, तो घ्यायलाच पाहिजे असं नाही. १९५५ च्या कायद्याच्या कलम ७ प्रमाणे दोघांपैकी कुणाच्याही एकाच्या रीतीने लग्न लागलं तरी चालतं, म्हणजे विधीवरून अडायचं कारण नाही. नाव आडनाव बदलायची कायद्याने सक्ती नाही. हुंडा मागणं आणि देणं दोन्ही गुन्हा, १९६१ पासून. लग्नानंतर नोंदणी लगेच करून घ्या.

साखरपेठेतली_सून:
विधींचं आमचं असं झालेलं, अंतरपाट आणि मंगलाष्टकं माझ्याकडची, अंतरपाट तसा त्यांच्यातही असतोच, मग मुहूर्ताला जिलकर्रा बेल्लम, म्हणजे जिरं गुळाचा गोळा एकमेकांच्या डोक्यावर ठेवायचा. जिरं गूळ सुटायला दोन दिवस लागतात, केस धुवायला वेळ ठेव. मंगळसूत्राचं मात्र आधी ठरव. त्यांच्यात हळदीच्या दोऱ्यात दोन पुस्तेलु असतात, आपल्या दोन वाट्या. आम्ही एक पुस्ते आणि एक वाटी असं ओवलं, सोनार आधी नाही म्हणत होता.

विजापूररोडची:
सगळ्यांचे उत्तर दोनदा वाचले. काल मी एकटीच गेले त्यांच्याकडे, त्याला न सांगता. नानम्मा दारातच बसलेली. मी 'मागवाल्याचा नातू' दादांनी सांगितलं तसं बोलले, मराठीतच, हळू हळू. तिला किती कळलं माहीत नाही पण तिनं माझ्या पायाकडे बघून मेट्टेलु म्हणून काहीतरी विचारलं, मी म्हटलं जोडवी, तर ती दोन तीन वेळा जोडवी जोडवी म्हणाली आणि मला आत नेऊन स्वतःची जुनी चांदीची जोडी दाखवली. तिच्या सासूने दिलेली, करीमनगरची.

त्याच्या आईला मी नावाचं आणि पगाराचं विचारलं. नाव राहू दे म्हणाल्या. पगारावर गप्प झाल्या, मग म्हणाल्या लग्नानंतर बघू. मी म्हटलं नाही अत्तम्मा, आत्ताच बोलू. बोलणं अर्धवट राहिलं, रविवारी परत जाणार आहे. बाबांना अजून काही बोलले नाही, पण भय्या चौकात घेऊन जाणार हे नक्की.